पोटखराबा वर्ग ब

सातबाऱ्यावर ही जागा एका ओळीत उरकली आहे. पोटखराबा वर्ग ब, दफनभूमी. आकार (म्हणजे सारा) नाही, पीक नाही, बारा नंबरचा रकाना वर्षानुवर्षं कोरा. मी तलाठी म्हणून निवृत्त झालो (हल्ली आमच्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच), आणि नोकरीत असताना या ओळीवरून माझी नजर कितीदा तरी सरकून गेली असेल. तिच्यावर सारा नाही, वाद नाही, वारस नोंदीसाठी चकरा मारणारं कोणी नाही. अशी जमीन तलाठ्याला आवडते.

महसुलात पोटखराबा दोन तऱ्हेचा असतो. वर्ग अ म्हणजे खडक, नाला, खाचखळगे, शेतीला न चालणारी जागा. वर्ग ब म्हणजे लोकांच्या कामासाठी सोडलेली: रस्ता, पाणवठा, स्मशान, दफनभूमी आणि कुंभारांना गाडगी-मडकी करायला दिलेली जागा. सारा ठरवणाऱ्यांनी कुंभाराला आणि मेलेल्याला एकाच नियमात बसवलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

गाव अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. इथून समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि अलिबाग तालुक्यात असं वाक्य लिहिलं की दोन दिवसांत दलाल दारात उभा राहतो. दफनभूमी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या समाजाची. गावात आज त्यांचं एकही घर नाही. तेल्याच्या घाण्याचा दगडी उखळ एका वाडीत पडला आहे, त्यात तुळस लावली आहे, आणि जुनी माणसं अजून त्या आळीला शनिवार तेल्यांची आळी म्हणतात. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. कुलाबा जिल्ह्यात हे सगळ्यांना ठाऊक असायचं. 1981 साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तोवर ती माणसं बहुतेक निघून गेलेली.

या समाजाच्या सगळ्या दफनभूमींची आई म्हणजे नवगावची. अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या मधल्या किनाऱ्यावर. कथा बहुतेकांनी ऐकलेली असेल. फार पूर्वी एक गलबत इथे फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली. गावकऱ्यांनी ती पुरली, पुरुषांची वेगळी आणि बायांची वेगळी, आणि तिथे दोन उंचवटे झाले. आता तिथे स्मारकाचा खांब आहे. वाचलेल्या चौदा जणांची पोथ्या-पुस्तकं पाण्यात गेली. पाठ राहिली ती ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना, शनिवारचा विसावा, सुंता आणि कोणता मासा खायचा, कोणता नाही, याचे नियम.

हे कधी घडलं, यावर विद्वानांचं एकमत नाही. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी समाजाचा इतिहास 1897च्या सुमारास लिहून काढला, तो छापून आला 1937 साली, तेल अवीवमध्ये. त्यांच्या हिशोबाने पूर्वज आले ते इसवी सनाच्याही आधी, पावणेदोनशे वर्षं. दुसरे म्हणतात जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर, म्हणजे इसवी सन 70 नंतर. तिसरे आणखी कितीतरी शतकं पुढे येतात. मला त्या वादात पडायचं नाही. एवढं मात्र सांगतो की गलबत फुटायला ती जागा चांगली आहे. समोर खांदेरी-उंदेरी, मध्ये पाण्याखालचे खडक. इंग्रजांना खांदेरीवर 1867 साली दीपगृह उभारावं लागलं ते उगीच नाही. थळच्या कोळ्याला विचारा, पावसाळ्याच्या तोंडावर तिथून होडी काढताना तो आधी देवाचं नाव घेतो.

नवगावहून ही घरं गावोगाव पसरली आणि जिथे घाणा घातला त्या गावाचं नाव आडनाव झालं. किहीमकर, झिराडकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, राजपूरकर, अशी शंभराहून जास्त आडनावं. कोकणच्या नकाशावर ती आडनावं मांडली तर तलाठी सजांची यादीच होते. आणि जिथे चार-पाच घरं स्थिरावली तिथे त्यांनी पहिली मागितली ती पुरायला जागा. प्रार्थनामंदिर फार उशिरा आलं. मुंबईतलं पहिलं 1796चं, रेवदंड्याचं 1842चं, अलिबागचं 1848चं, पनवेलचं 1849चं. त्याआधी कितीतरी पिढ्या समाजाची म्हणावी अशी सामाईक मालमत्ता एकच, दफनभूमी. यहुदी धर्मात प्रेत जाळायचं नाही आणि पुरलेलं पुन्हा हलवायचं नाही. घर विकता येतं, घाणा विकता येतो, हे विकता येत नाही. एकदा जागा दिली की दिली.

त्या मुंबईच्या पहिल्या मंदिराचे बांधकर्ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर, आपल्या मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या पलटणीत होते, टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटून आले. मंदिर बांधून झाल्यावर धर्मग्रंथाची गुंडाळी आणायला कोचीनला गेले आणि 1797 साली तिथेच वारले. कबर कोचीनलाच. ज्याने समाजाला पहिलं मंदिर दिलं तो समाजाच्या एकाही दफनभूमीत नाही.

आता आमच्या गावच्या जागेकडे येतो. नऊ-दहा गुंठ्यांचा तुकडा, तीन बाजूंना माडाच्या वाड्या, चौथ्या बाजूला पाणंद. पावसाळ्यात टाकळा कमरेएवढा वाढतो आणि दसऱ्यापर्यंत आत काही दिसत नाही. घाणेरीने एक कोपरा कायमचा बळकावला आहे. बघायचं तर माघ-फाल्गुनात, सकाळी सात-साडेसातला. उन्हं तिरपी असतात, झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि दुपारी गुळगुळीत वाटणारा दगड वाचता येतो. कोणी खडू फासतं, कोणी पीठ चोळतं, कोणी तारेच्या ब्रशने घासतं. कृपा करून तसं करू नका. एका हौशी मंडळाने स्वच्छता अभियानात असा एक संगमरवर ॲसिडने धुतला. दगड चकाचक झाला आणि नाव गेलं. साधं पाणी आणि नारळाच्या काथ्याचा मऊ बोळा पुरतो. सकाळ चुकली तर बॅटरी आडवी धरायची.

जागेचे वयाप्रमाणे तीन थर आहेत. पाणंदीपासून सगळ्यात लांबचे ते जुने: नुसते काळे दगड, डोक्याशी एक, पायाशी एक, अक्षर नाही. मधल्या भागात मराठी उगवते. पाणंदीजवळ घडीव दगड आणि संगमरवर, त्यावर वर हिब्रू आणि खाली मराठी. हिब्रू इतक्या उशिरा कशी, तर ती त्यांना परत शिकावी लागली. कोचीनचे यहुदी शिक्षक आले, पाठोपाठ मिशनरी आले. मुंबईच्या जॉन विल्सनने 1832 साली हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. धर्मांतर व्हावं म्हणून शिकवलं. यांनी व्याकरण घेतलं, पुस्तकं वाचली आणि अधिकच पक्के यहुदी झाले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 साली पुण्यात वल्हांडण सणाची पोथी हिब्रू-मराठी छापली गेली, तिच्या चित्रांतल्या बाया लुगडी नेसलेल्या आहेत.

नावांतही तीच हालचाल दिसते. मधल्या थरात इसाजी, मुसाजी, अबाजी, बन्नाजी. पुढच्या थरात तेच आयझॅक, मोझेस, अब्राहम, बेंजामिन होतात. बायका मात्र शेवटपर्यंत बाईच: साराबाई, राहेलबाई. हुद्दे बघावेत तर सुभेदार, जमादार, हॉस्पिटल असिस्टंट, पेन्शनर. घाण्यावरून पलटणीत, पलटणीतून दवाखान्यात आणि रेल्वे-पोस्टाच्या हपिसात. ‘तेली’ असा शब्द एकाही दगडावर नाही. अक्षर कोरण्याइतका पैसा आला तेव्हा घाणा सुटलेला होता, असा मी अर्थ लावतो.

एक दगड मला विशेष जवळचा आहे. गुडघाभर उंच, वरच्या बाजूला सहा टोकांची चांदणी, खाली हिब्रूच्या तीन ओळी आणि मराठीच्या चार. मराठीत नाव निम्मं गेलं आहे, ‘…बाई कोम’ एवढं लागतं, नवऱ्याचं नाव खपलीबरोबर पडलं. तळाला शके 1820 स्पष्ट आहे. महिना नाही, इसवी सन नाही. हिब्रूत वर्ष आकड्यांनी लिहीत नाहीत, अक्षरांनी लिहितात, कारण प्रत्येक अक्षराला किंमत असते. बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी मला ती किंमत कागदावर लिहून दिली होती. तो कागद मी सातबाऱ्याच्या जुन्या कव्हरात ठेवला आहे. या दगडावर ताव म्हणजे 400, रेश 200, नून 50 आणि शेवटचं अक्षर एक तर हे, नाहीतर हेत. दोन्ही चौकटीसारखी, फरक एवढाच की हे च्या डाव्या पायात वर फट असते. दगडफुलाने नेमकी तीच जागा भरलेली. हे असेल तर 5, हेत असेल तर 8. हजाराचा आकडा गाळायची रीत असल्यामुळे वर्ष 5655 किंवा 5658. त्यातून 3760 वजा केले की 1895 किंवा 1898.

इथे शके कामाला आला. 1820 मध्ये 78 मिळवा, 1898. म्हणजे अक्षर हेत. आणि दोन्ही पंचांगं एकत्र धरली की आणखी एक गोष्ट हाताला लागते. शके 1820 लागला 1898च्या गुढीपाडव्याला. यहुदी वर्ष 5658 संपलं त्याच साली, भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला. दोन्ही एकाच वेळी खरी असायची तर ही बाई चैत्र ते भाद्रपद याच काळात गेलेली असणार. तिथी नसलेल्या दगडाने सहा महिन्यांपर्यंत आणून सोडलं. फेरफार रजिस्टरात जन्म घालवलेल्या माणसाला यापेक्षा मोठा आनंद काय असतो ते मला माहीत नाही.

तेव्हा मुंबईत प्लेग होता. 1896च्या पावसाळ्यानंतर तो सुरू झाला आणि लोक गाठोडी बांधून कोकणच्या बोटीत बसले. ती बाई प्लेगने गेली असं दगड म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. तिच्या रांगेत लगोलग चार लहान चौथरे आहेत, बिनअक्षरी. एवढं लिहून थांबतो.

बगदादहून आलेल्या यहुद्यांची दफनभूमी पाहिलेल्यांना इथे एक गोष्ट कमी वाटेल. इतरत्र यहुदी दगडांवर कधी कधी आशीर्वादाला उचललेले दोन हात कोरलेले असतात, ती पुरोहितांच्या वंशाची, कोहेन घराण्याची खूण. बेने इस्राएलांत परंपरेने कोहेन नाहीतच, म्हणून ते हातही नाहीत. चांदणी आणि अक्षरं, कुठे एखादी वेल. श्रीमंती दाखवणारी कबर एकच आहे. तिच्या संगमरवरी चौथऱ्याच्या फटीत पिंपळाने मूळ धरलं आहे, आणि पिंपळ तोडायला गावात कोणी तयार नाही. पर्यावरणवाले कौतुक करतील, कबरीचं काय व्हायचं ते होईल.

गावाच्या आठवणीत या जागेबद्दल जे आहे ते प्रेतयात्रेचं नसून पुरुष गोळा करण्याचं आहे. कबरीपाशी कद्दीश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा प्रौढ पुरुष लागतात. गावात घरं होती तोवर प्रश्न नव्हता. पन्नासच्या दशकात घरं उठू लागली तेव्हा कोणी वारलं की एक माणूस सायकलवर अलिबागकडे, एक रेवदंड्याकडे. शनिवारी पुरायचं नाही, पण एरवी उशीर करायचा नाही, त्यामुळे घाई. आमच्या वडिलांनी असा निरोप नेल्याचं आई सांगायची: ‘नऊ झालेत, एक द्या.’ खड्डा गावच्याच माणसांनी खणायचा, तिरडीला खांदा शेजाऱ्यांनीही द्यायचा, आणि बाहेर पडताना सगळ्यांनी हात धुवायचे. हात धुण्याचा रांजण पाणंदीला होता. त्याचा बुडखा मी पाहिलेला आहे.

जाण्यापूर्वी शेवटच्या दोन-तीन घरांनी फाटलेल्या प्रार्थनेच्या पोथ्या याच जागेत खड्डा करून पुरल्या, असं शेजारच्या मावशी सांगायच्या. देवाचं नाव असलेला कागद टाकायचा नाही आणि जाळायचाही नाही, तो माणसासारखाच मातीला द्यायचा. मावशींना तेव्हा वाटलं होतं की सोनं पुरतायत. गावातल्या आणखी कोणालातरी तसंच वाटलं असावं, कारण नैर्ऋत्य कोपरा नंतर उकरलेला होता. उकरणाऱ्याला काय मिळालं असेल ते सांगायला नको.

1951च्या जनगणनेत देशभरात यहुदी सव्वीस हजारांच्या वर होते. 2011 साली महाराष्ट्रात जेमतेम अडीच हजार. 2016 साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलं केलं. बाकीची मंडळी दिमोना, अश्दोद, लोद, बेअरशेबा इथे आहेत, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात, आणि थंडीच्या दिवसांत छोट्या बसमधून इकडे येतात. आधी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाची खूण बघतात, मग नवगाव, अलिबागचं प्रार्थनामंदिर, आणि वेळ उरलाच तर आमच्यासारखी गावं. मुलांना मराठी येत नाही, आजीला येते, तीही कुलाब्याची जुनी, ‘हिकडं-तिकडं’वाली. कबरीवर खडे ठेवतात. बस गेली की पोरं ते खडे आणून लगोरी रचतात. मी आधी रागवायचो, आता नाही रागवत. खडे ठेवणाऱ्या एका आजींनीच मला सांगितलं, आम्हीपण इथेच खेळायचो.

ही मंडळी विचारतात ते एकच: अमक्याची कबर कुठे? सांगायला कागद काही नाही. दफनाचं रजिस्टर असलंच तर कोणाच्या तरी ट्रंकेत गेलं. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यूची जुनी नोंद वाळवीने संपवली. म्हणून मी जागेचा नकाशा करायला घेतला: प्रत्येक कबरीला क्रमांक, पाणंदीच्या खांबापासून अंतर, दगडाचा प्रकार, जे वाचता येतं ते जसंच्या तसं, जे येत नाही तिथे टिंब. अंदाजाने शब्द भरायचा नाही, हा एकच नियम. सुशोभीकरणाच्या नावाखाली पेव्हर ब्लॉक आणि कमान सुचवणारे पुष्कळ भेटतात. कमानीवर आमदारांचं नाव आलं की लोक तेवढंच वाचतील. त्याच पैशात कुंपण होतं.

कुंपणावरच गाडं अडलं आहे. समाजाच्या विश्वस्तांनी मोजणीची फी भरली, भूमी अभिलेखची नोटीस लगतच्या कब्जेदारांना गेली. पूर्वेकडचे वाडीवाले म्हणतात, आमचा बांध आजोबांच्या वेळेपासून इथेच आहे. असेल. पण मूळ टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीत, पूर्वेची बाजू आज आहे त्यापेक्षा अडीच आणे जास्त भरते. ज्यांना साखळीचं माप ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, म्हणजे अडीच आणे हे पाचेक फूट. त्या पाच फुटांत एक पायाशीचा दगड आहे, डोक्याशीचा अलीकडे, दफनभूमीच्या हद्दीत. वाडीवाल्यांचं म्हणणं, तो दगड गुरं बांधायचा. मी त्यांना म्हटलं, ठीक आहे, सर्व्हेअरपुढे तसंच जबाबात लिहून द्या. अजून दिलेलं नाही.